थोरलीची चूक

हॉस्पिटलातल्या सगळ्या संगणकांच्या तारा थोरलीने ओढल्या होत्या, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. नेटवर्कचं खातं म्हणजे ती एकटी, आणि ते तिला छान मानवत होतं. मग साहेबांनी तिच्या हाताखाली आणखी एकीला नेमलं. ती तिचीच सख्खी धाकटी बहीण. शब्द थोरलीनेच टाकला होता, म्हणजे पायावर धोंडाही तिनेच पाडून घेतला होता.

धाकटी कामचुकार असती तर बरं झालं असतं. पण ती कामाला चोख आणि वर तोंडाने गोड. वर्ष फिरलं नाही तोच नर्सबायांपासून डॉक्टरांपर्यंत जो तो फोनवर 'ती छोटी आहे का' असं विचारू लागला. साहेब थोरलीला 'बाई' म्हणत आणि धाकटीला 'बेटा'. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

आता शेजारी नवी इमारत उभी राहिली होती. तिथलं सगळं नेटवर्क दोघींपैकी एकीच्या हाती सोपवणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. थोरलीला ते हवं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे ते धाकटीला मिळायला नको होतं.

त्या दिवशी जिन्याखालच्या खोलीतल्या मुख्य स्विचवर नव्या एक्स-रे विभागाचे पोर्ट लावायचे होते. स्विच म्हणजे तारा खुपसायची पेटी. तिचं कोणतं भोक, म्हणजे पोर्ट, कोणत्या विभागाचं, ते पेटीला सांगावं लागतं. धाकटीने एकेक पोर्ट नेमून दिला, प्रत्येकापुढे खोलीचं नाव लिहिलं. उरला ट्रंक, म्हणजे सगळ्या विभागांची ये-जा ज्यातून होते तो पोर्ट. तेवढ्यात बाहेर साहेबांचा आवाज आला.

"सरक, हे मी करते," म्हणत थोरलीने लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर ओढला.

ट्रंकच्या यादीत नवा विभाग चढवताना 'अ‍ॅड' हा शब्द लिहायचा असतो. तो राहिला तर जुने विभाग पुसले जातात आणि नवा तेवढा उरतो. थोरलीनेच धाकटीकडून हे दहादा घोकून घेतलं होतं. पण आत्ता तिचे कान दाराकडे होते. बोटांनी आपलं उरकून टाकलं आणि एंटर दाबला.

बाहेर एकदम गलका झाला. बिलाची खिडकी बंद, रिपोर्टची बंद, फोनही मुके. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. काय चुकलं ते समोर दिसत होतं, पण हात उचलवेना. धाकटीने लॅपटॉप घेतला आणि जुने विभाग यादीत परत चढवले. साहेब दारात येईपर्यंत फोन वाजायला लागले होते.

हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं.

"माझ्याकडून झालं, साहेब," धाकटी म्हणाली. "लगेच लक्षात आलं म्हणून सावरलं."

आता हिला बोलणी बसणार या विचाराने थोरलीच्या जिवाला, खरं सांगायचं तर, जरा गार वाटलं. साहेब मात्र धाकटीकडे बघतच राहिले. तोंडावर चूक कबूल करणारं माणूस आपल्याला इथे पहिल्यांदाच भेटतंय, असं ते म्हणाले. नवी इमारत अशाच माणसाच्या हाती द्यायची, म्हणजे आता ती धाकटीकडेच.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुक हिचं, इमारत हिची, आणि आता माझी चूकसुद्धा हिचीच? साहेब जिना चढत होते, ती त्यांच्यामागे धावली.

"साहेब, ती चूक माझी होती. एंटर मी दाबला, तिने नाही."

साहेब थांबले. एरवी तिच्याशी कागदांतून मान वर न करता बोलणारा तो माणूस आज तिच्याकडे नीट बघून हसला.

"बहिणीसाठी स्वतःवर घेताय होय? बाई, थोरली बहीण असावी तर तुमच्यासारखी."

ते वर निघून गेले. धाकटीने खालून सगळं ऐकलं होतं. ती डोळे पुसत वर आली.

"ताई, कशाला सांगितलंस गं?" म्हणत तिने थोरलीला घट्ट मिठी मारली.

थोरलीला तिला ढकलताही येईना. दोघांनी मिळून तिला चांगली ठरवून टाकलं होतं, आणि इमारत तर गेलीच होती.