सासऱ्यांची स्वच्छ वीज

माझे सासरे मला पाण्यात पाहतात आणि मी त्यांना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदारपणाचे धडे द्यायला येणार नाही. आमच्या भांडणाला कारणं पुष्कळ होती, पण गेल्या वर्षी ती सगळी एका आवाजापाशी येऊन गोळा झाली. आवाज तरी कसला, गुणगुण. त्यांच्या होम थिएटरच्या स्पीकरमधून येणारी, कानाशी डास घुटमळावा तशी बारीक.

सासऱ्यांनी जन्मभर एका नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या दिवाणखान्याचंच नाट्यगृह करून टाकलं. ॲम्प्लिफायर, प्रोजेक्टर, भिंतीभर पडदा, चारी कोपऱ्यांत स्पीकर, आणि पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नाही. सिनेमा सुरू असताना ती गुणगुण कोणालाच ऐकू यायची नाही. म्हणून ते सिनेमा थांबवायचे, डोळे मिटायचे आणि गुणगुण ऐकत बसायचे. मग डोळे उघडून माझ्या खोलीच्या दाराकडे बघायचे.

माझ्या खोलीत भरतकामाचं मशीन आहे, कॉम्प्युटरवर चालणारं. शाळांच्या गणवेशांवरची बोधचिन्हं, हॉटेलांच्या ॲप्रनवरची नावं, असलं काम मी त्यावर करते. नवऱ्याच्या पगारावर घर चालतं, पण मी चालते ती या मशीनवर. ते घराबाहेर गेलं असतं तर माझं कामही गेलं असतं, कारण बाहेर गाळा घेण्याइतकं ते काम अजून मोठं झालेलं नव्हतं. आणि सासऱ्यांना ते नेमकं बाहेरच घालवायचं होतं.

त्यांचं म्हणणं असं, की माझ्या मशीनची मोटर घरातली वीज घाण करते आणि ती घाण वायरीतून त्यांच्या स्पीकरमध्ये येते. 'घाण' हाच शब्द. जेवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर नणंदेशी बोलताना. मशीन बंद असतानाही गुणगुण येते, हे मी एकदा बंद करून दाखवलं. ते म्हणाले, बंद असलं तरी प्लग लावलेला असतो. मी प्लग काढला. तेव्हा त्यांनी सांगितलं की वायरीत घाण साचून राहते. यावर काय बोलणार? मोरी आहे का ती?

अशात एका वादळात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा टीव्ही, फ्रिज आणि राउटर एका दमात जळाले. तेव्हा कुठे आमच्या घरात सर्ज प्रोटेक्टर हा विषय निघाला आणि आम्ही तिघं दुकानात गेलो.

दुकानदार बोलका होता. वायरमनकडून मेन बोर्डातच एक सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, म्हणाला. बाहेरून विजेचा लोंढा आला की तो अर्थिंगमधून जमिनीत सोडून देतो आणि सगळं घर वाचतं. त्यानंतर हवा तर थिएटरला एखादा चांगला स्पाइक गार्ड लावा. मला ते पटलं. त्यात माझं मशीनही वाचत होतं, फ्रिजही वाचत होता, आणि खर्चही बेताचा होता.

सासऱ्यांची नजर मात्र मागच्या फळीवर गेली होती. तिथे पॉवर कंडिशनर होता, पुढून चकचकीत काळा, वजनाला दगड. तो वीज गाळून देतो, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की गुणगुण वायरिंगमधली असली तर याने ती जाईलच असं नाही. सासऱ्यांनी त्याला विचारलं, "नाट्यगृह किती वर्षं चालवलंयत तुम्ही?" त्या बिचाऱ्याने कंडिशनर फळीवरून खाली उतरवला.

मी म्हटलं, बाबा, याच्या निम्म्या पैशांत सगळं घर वाचतंय. ते माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, हा शिवणकामाचा विषय नाही." नवरा शेजारच्या कपाटातल्या रिमोटचे सेल बघू लागला. त्याला सेलची भारी आवड आहे. घरात वाद सुरू झाला की त्याला कुठे ना कुठे सेल दिसतातच.

कंडिशनर घरी आला. मी मुकाट्याने माझ्यापुरता एक सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड घेतला, हिरवा दिवा असलेला. दिवा पेटलेला असला की अर्थिंग ठीक आहे असं समजायचं. सासऱ्यांनी कंडिशनर जोडला, त्यावर व्होल्टेजचा निळा आकडा उजळला, सगळ्यांना शांत बसवलं, डोळे मिटले.

गुणगुण होतीच.

माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असेल, नाही म्हणत नाही. त्यांनी ते पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला बजावलं की या घरात एक तर माझं मशीन राहील नाहीतर ते स्वतः. नवरा खोलीत येऊन म्हणाला, जरा दमाने घे, बाबांचं वय झालंय. माझंही होतंय, मी म्हटलं, आणि दोरा ओवत बसले.

त्यानंतर मी बहिणीकडे राहायला गेले, तिचं ऑपरेशन होतं. परत आले तर घरात नवलच. सासरे खुशीत होते. गुणगुण कमी झाली, म्हणाले, कंडिशनरला जम बसायला वेळ लागतो. मी कान देऊन ऐकलं. मला तर ती होती तेवढीच वाटली. पण त्यांचा कान मोठा, माझा लहान, म्हणून सोडून दिलं. मशीनबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत आणि मूर्खासारखा मला त्याचा आनंद झाला.

कामाला बसले आणि मशीनच्या लोखंडी चौकटीला हात लागताच झिणझिण्या आल्या. मनगटापर्यंत. कापड बसवताना चौकट धरावीच लागते, त्यामुळे दिवसभर तेच. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, हवा कोरडी आहे, होतं असं. पुन्हा सांगितलं तर म्हणाला, तू दमली आहेस, बहिणीकडे जागरणं झाली असतील. माझ्या बोर्डावरचा हिरवा दिवाही विझलेला होता. जेवताना तेही सांगितलं. सासरे घास चावत म्हणाले, स्वस्तातला माल आहे, दिवा गेला असेल. आणि वर म्हणाले, "फारच त्रास होत असेल तर काही दिवस बंद ठेव काम."

किती मायेने बोलले! तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी एका झटक्याने माझा हात उडाला आणि सुई बोटात गेली. तेव्हा मी कोणालाही न विचारता वायरमनला बोलावलं. त्याने माझ्या प्लगच्या जागी टेस्टर लावला, मान हलवली आणि भिंतीतला बोर्ड उघडला. आत अर्थिंगची हिरवी वायर नीट कापलेली होती. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं, पुन्हा सोडवताना नख लावावं लागू नये म्हणून. नाट्यगृहात तशीच टेप लावतात. आमच्या घरातली प्रत्येक वायर एका माणसाने तशीच बांधलेली आहे.

वायरमन म्हणाला, "ही तुटलेली नाही. कापली आहे कोणीतरी." मग दिवाणखान्याकडे एकदा बघून पुढे म्हणाला, "मला काही विचारू नका. मी जोडून देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दिवाणखान्यात गेले आणि टेपचा तुकडा सासऱ्यांच्या समोर धरला. मला वाटलं नाकारतील. छे. ते आरामात मागे टेकले. गुणगुण आली की अर्थिंगची वायर काढायची, म्हणाले, आम्ही स्टेजवर आयुष्यभर हेच केलं, कोणी मेलं नाही.

"मला झटके बसतायत हे मी सांगत होते तुम्हाला."

"झटके नाहीत, झिणझिण्या," ते म्हणाले. "मी हात लावून बघितलं होतं आधी."

म्हणजे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोजून मापून मला रोज तेवढीच शिक्षा लावून ठेवली होती, मी कंटाळून मशीन विकावं म्हणून. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण वायरमनने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता. त्या बिचाऱ्याला बहुधा तिथून निघायचं होतं, म्हणून भांडण मिटवायला तो दिवाणखान्यात येऊन ॲम्प्लिफायरच्या मागे वाकला. बाहेरून येणारी केबल टीव्हीची वायर त्याने सेट-टॉप बॉक्समधून उपटली.

गुणगुण थांबली. एकदम. इतके महिने ऐकलेला आवाज थांबला तेव्हा मला माझा श्वास ऐकू आला. ती केबल गच्चीवरून दुसरं अर्थिंग घेऊन येत होती, असं काहीसं तो पुटपुटला. वीज पडली तर लोंढाही त्याच वाटेने येईल, तुमच्या कंडिशनरला पत्ताही लागणार नाही. सासऱ्यांनी डोळे मिटले. मला वाटलं शरमले. त्यांनी नीट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आता कसं." बस, एवढंच. माझं मशीन निर्दोष ठरलं होतं आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना त्यांची शांतता मिळाली होती.

मी खोलीत परत आले. नवरा तिथे खिडकीशी उभा होता. त्याच्या तोंडावरून मला कळलं, तरी मी विचारलंच.

"तुला माहीत होतं?"

"मी फक्त टॉर्च धरला होता," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, थोड्या झिणझिण्या येतील, बाकी काही नाही."

वायरमन मागोमाग येऊन वायर सोलू लागला. मी त्याला थांबवलं. त्याला विचारलं, हे असंच राहिलं असतं तर काय झालं असतं? तो म्हणाला, मशीन चांगलं आहे तोवर झिणझिण्याच. पण आत एखादी वायर चौकटीला लागली असती तर ताई, तुम्ही अनवाणी, फरशी पुसलेली. निदान पायांत रबर असतं तर वेगळी गोष्ट. एवढं बोलून तो पुन्हा वायरीकडे बघू लागला.

मी प्लग पुन्हा खोचला आणि मशीनचं बटण दाबलं. दिवे लागले. मी बाजूला झाले आणि नवऱ्याला म्हटलं, धर ती चौकट. मी रोज धरते तशी, दोन्ही हातांनी. थोड्या झिणझिण्याच आहेत ना?

तो मशीनकडे बघत राहिला. मग त्याने खाली फरशीकडे बघितलं, स्वतःच्या पावलांकडे. हसण्याचा प्रयत्न केला. मी हसले नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की त्याने पुढे येऊन चौकट धरावी, ओरडावं, हात झटकावा. मी सगळं विसरले असते. बापाच्या शब्दावर विश्वास ठेवून फसला, भोळा आहे, असं मी स्वतःला समजावलं असतं आणि पुढची वीस वर्षं त्याच्याबरोबर काढली असती.

"थांब, आलो," तो म्हणाला आणि बाहेर गेला. दाराजवळच्या कप्प्यात काहीतरी शोधल्याचा आवाज आला.

तो परत आला तेव्हा त्याच्या पायांत रबरी चपला होत्या.