टाकीतलं पंचामृत

जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि आमच्या सुंदररावांचं तोंड उतरलं. दोन वर्षं जिल्हा परिषदेच्या तयारीत घालवलेली, लग्नामयतांना न चुकता हजेरी लावलेली, आणि ऐन वेळी ही पंचाईत. मग त्यांना आठवलं, की आपल्याला बायको आहे. ती मी, सत्यशीला. मला विचारलं कुणीच नाही, पण बॅनर लागले. त्यावर त्यांचा फोटो दरवाजाएवढा आणि माझा पोस्टाच्या तिकिटाएवढा. राग तर आलाच. पण खरं सांगायचं तर मला उभं राहायचं होतं, मनापासून, आणि हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

आधी गाडीचं सांगते. दसऱ्याला साहेबांनी, म्हणजे आमच्या सुंदररावांनीच, भलीमोठी पांढरी गाडी घेतली. शोरूममधला माणूस बॉनेट उघडून समजावत होता. ही निळ्या झाकणाची टाकी समोरची काच धुवायच्या पाण्याची. हिच्यात स्वच्छ पाणी आणि काचेचं लिक्विड, दुसरं काही नाही. फवाऱ्याची भोकं बुजली तर टाचणीनं हळूच मोकळी करायची. साहेब तेव्हा गाडीला टेकून फोटो काढून घेत होते. ऐकणारी मी एकटीच, कारण फोटोत मला कुणी बोलावलं नव्हतं.

तिथून गाडी पूजेला लिंबागणेशच्या देवळात नेली. पूजा उरकल्यावर साहेबांचा उजवा हात असलेल्या आसारामनं उरलेलं तांब्याभर पंचामृत सरळ त्या टाकीत ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं. सायबांच्या काचेवर रोज देवाचं तीर्थ पडेल म्हणाला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, भोकं बुजतील, टाकी धुऊन घ्या. तर बाईमाणसानं बॉनेटमध्ये कशाला डोकावावं, असं साहेबांनी चारचौघांत विचारलं आणि सगळे खो खो हसले. पुढे कार्यकर्ते रोज पाइप लावून गाडी धुवायचे, त्यामुळे फवाऱ्याच्या बटणाला कधी हातच लागला नाही. आत काय मुरत असेल, हे दह्यादुधाशी ज्याचा कधी संबंध आला नाही त्याला कसं कळावं?

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. तीनच्या आत केजच्या तहसीलमध्ये पोचायचं होतं. पण नांदूरघाटच्या चौकात भाषणं संपेनात. जेसीबीवरून फुलं झाली, मग गुलाल. निवडून यायच्या आधीच गुलाल, ही अक्कलही आसारामचीच. अख्खं पोतं काचेवर रिकामं झालं. मी पुसायला सांगितलं तर म्हणाला, अर्ज भरायच्या आत गुलाल पुसणं म्हणजे विजय पुसणं. साहेबांनी मान डोलावली. वायपरनं वीतभर फट करून दीडच्या सुमाराला आम्ही निघालो, पाठोपाठ कार्यकर्त्यांच्या गाड्या. चालवायला साहेब, त्यांच्या शेजारी आसाराम, आणि मागे मी, मांडीवर कागद घेऊन.

गावाबाहेर समोरून उसाची ट्रॉली गेली, धुरळा उडाला आणि ती फटही गेली. साहेबांनी बटण दाबलं. आधी मोटर नुसतीच कण्हली. त्यांनी बटण दाबूनच धरलं. मग एका भोकातून पिवळट गाठी थुंकल्यासारख्या बाहेर पडल्या आणि वायपरनं त्यात गुलाल कालवून काचभर लेप दिला. नासक्या तुपादह्याचा असा भपकारा सुटला, की आसारामनं नाकाला उपरणं लावलं. तीर्थच ते. साहेब खिडकीतून मुंडकं बाहेर काढून थोडं पुढे गेले, पण टपावरचा गुलाल डोळ्यांत उडायला लागला. शेवटी रस्त्यातच थांबले.

मागच्या सगळ्या गाड्यांतले शहाणे उतरले. एकानं फवाऱ्याच्या भोकात काडी घातली, ती आतच मोडली. एकजण पाण्याची बाटली घेऊन आला, तर आसाराम काचेपुढे हात पसरून उभा. गुलालाला हात लावायचा न्हाई. साहेबांचीही छाती होईना, कारण लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. एवढी माणसं, आणि एका काचेपायी माझी उमेदवारी रस्त्यात मरायला टेकलेली.

तेवढ्यात मागून केजची एसटी आली आणि वाट मिळेना म्हणून हॉर्न वाजवायला लागली. मी कागद घेऊन उतरले.

"कुठं निघालीस?" साहेब डोळे चोळत म्हणाले. "बस गाडीत. मी असल्याबिगर तुला तिथं कोण इचारतंय?"

मी एसटीत चढले. कार्यकर्त्यांनी गाड्या कडेला घेतल्या आणि एसटी निघाली. कंडक्टरनं बायकांचं अर्धं तिकीट दिलं. एसटीची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती, पण स्वच्छ होती. केजपर्यंतचा रस्ता मला सगळा दिसत होता.

तहसीलमध्ये मला माझं नाव विचारलं. सह्या माझ्या घेतल्या, शपथ मी वाचली. आवाज सुरुवातीला कापला, मग नाही कापला. साहेब कुठे आहेत असं कुणीही विचारलं नाही.

तीनला गेट बंद झालं. त्यानंतर आमची पांढरी गाडी आली, साहेबांचं मुंडकं खिडकीबाहेर आणि काचेवरच्या गुलालाला धक्का न लागता. गेटवरचा पोलीस काही साहेबांना आत सोडेना. मी बाहेर आले तेव्हा ते गेटला धरून उभे होते, तोंड गुलाबी, एक डोळा मिटलेला.

"भरला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तसा आवाज चढला. "मला न इचारता?"

"अर्ज माझा हाय," मी म्हटलं. "तुमी तेवढी टाकी धुऊन घ्या. साधं पाणी भरा. उद्यापासून गाडी मला लागती."

आसाराम साहेबांच्या तोंडाकडे बघायला लागला. या वेळी कुणी हसलं नाही.