दरफाळणीचं बंद दार

दरफाळणीच्या, प्रायश्चित्ताच्या कडक उपासाच्या सणाला माडीवरच्या प्रार्थनाघराचं दार एकदा लागलं की लागलं. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत ते उघडायचं नाही, मग बाहेर कोणी हाका मारो नाहीतर दार बडवो. नाशिकच्या मूठभर बेने इस्राएल ज्यू मंडळींची ही रीत हन्नाबाईंना लहानपणापासून ठाऊक. पण आज पांढरं लुगडं नेसून बायकांच्या पडद्यामागे बसलेल्या या बाईंचा जीव त्या दारातच अडकला होता.

त्यांचे यजमान इसाजी पेणकर शिमग्याच्या सुमारास गेले. पोटी मूलबाळ नाही. गेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हवेत, आणि गावात होते मोजून दहा. त्यातले दहावे खुद्द इसाजी! सात महिने झाले, त्यांच्या नावानं एक कद्दीश झालं नव्हतं. मुंबईला आपल्या मशिदीत, तिथल्या मोठ्या प्रार्थनाघरात, म्हणवून घ्या, असं सगळे सांगत. पण जिथे ते आयुष्यभर बसले, तिथेच त्यांचं नाव घेतलं जावं, हा बाईंचा हट्ट.

तसा अकरावा होता, देवळालीला. एलोजी वाकरूळकर. पण नव्याच्या सणाला, वर्षाच्या पहिल्या दिवशी, मेंढ्याचं शिंग कोणी फुंकायचं यावरून आठ वर्षांपूर्वी त्याचं नि इसाजींचं वाजलं. “अरे, शिंग फुंकतोस की गुरं हाकतोस?” असं एलोजी भर मंडळीत बोलला. इसाजी कसले ऐकून घेतायत! “चालता हो,” म्हणाले. तो झाला चालता. पुन्हा फिरकला नाही.

काल हन्नाबाई मान-अपमान गिळून नियाजच्या टांग्यातून देवळालीला जाऊन आल्या. “भावजी, त्यांच्या वतीनं मी माफी मागते. उद्या या,” म्हणाल्या. एलोजी नुसता अंगणाकडे बघत बसला. हो नाही की नाही नाही. अस्सा राग आला बाईंना!

आणि आता प्रार्थना सांगणारे शालोम मास्तर मंडळींच्या वर्षाचा आढावा वाचत होते. दार लावण्याआधी तो वाचायचा, हा त्यांचा नेम. एक लग्न झालं, एका मुलीचं बारसं झालं, एलियाहू नबीच्या नवसाचा मलिदा दोनदा झाला. “आणि पुरुष दहा.”

मास्तरांनी गेल्या वर्षीचा कागद तसाच उतरवून काढला होता. हन्नाबाईंना मात्र क्षणभर वाटलं, आहेत. पडद्यापलीकडे खिडकीपाशी बसलेत आणि आता खाकरतील.

“नऊ,” मास्तर हळूच म्हणाले. दिवस बुडाला. दार लागलं.

प्रार्थना सुरू झाली आणि थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, थांबत थांबत. दारापाशी येऊन थांबली. कडी वाजली नाही. सगळ्यांनी ऐकलं, पण उठणार कोण? आजच्या दिवशी दार उघडायचं?

हन्नाबाई उठल्या. पडदा सारून तडक पुरुषांमधून चालत गेल्या. “अहो बाई!” मास्तर ओरडले. बाईंनी कडी काढली.

दारात एलोजी उभा होता. पांढरे कपडे घामानं भिजलेले, कापडी बूट धुळीनं माखलेले.

“का नाही वाजवलंत?” बाईंनी विचारलं.

“दरफाळणीला कोणी दार वाजवतं का?” एलोजी धापा टाकत म्हणाला. “नियाजच्या घोड्याचा नाल निघाला वाटेत. इथल्या द्वारका नाक्यापाशी दिवस बुडाला. मग सण लागल्यावर टांग्यात कसा बसणार? उतरलो नि चालत आलो. त्याच्या नावाचं कद्दीश झालं का?”

“कसं होणार? नऊच होते.”

एलोजी आत आला, बाई कडी लावून पडद्यामागे परतल्या. खिडकीजवळची इसाजींची जागा रिकामी होती; तिथे तो बसला नाही, शेजारी उभा राहिला. आणि त्यानंच कद्दीश म्हणायला सुरुवात केली. प्रार्थना त्याला तोंडपाठ होती. पण ते कोणासाठी, हे सांगताना इसाजींचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तो अडला. आठ वर्षांत त्यानं ते उच्चारलं नव्हतं.

पडद्यामागून हन्नाबाईंनी ते सांगितलं, मोठ्यानं, नवऱ्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा घेऊन. “इसाजी.”

“आमेन,” दहा पुरुष म्हणाले.