दुपारपर्यंतचं धुकं

काकांच्या दुकानात खुर्च्या दोन. दाराजवळची त्यांची, आतली त्यांच्या थोरल्या मुलीची. उभ्या हयातीत काकांच्या वस्तऱ्याखाली कुणाला साधं खरचटलं नव्हतं आणि या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता. म्हणूनच डोळ्यांचं दुखणं त्यांनी चारचौघांपासून लपवलं.

दुखणं तसं विचित्रच. सकाळी उठलं की सगळं धूसर. आरशातलं गिऱ्हाईक म्हणजे नुसता आकार आणि दिव्याभोवती रंगांचं कडं. दिवस चढेल तसं निवळत जाई आणि जेवणं आटोपेपर्यंत समोरच्याच्या गालावरचा तीळसुद्धा स्वच्छ दिसे.

मुलीनं ओढतच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो आणि त्याच्या मागच्या अंगाला पेशींचा एकच एक थर. डोळ्यातलं पाणी दाबानं त्या पडद्यात झिरपत राहतं आणि या पेशी ते सतत उपसून परत आत टाकत राहतात. काकांच्या त्या पेशी मरत चालल्या होत्या आणि मेलेल्यांच्या जागी नव्या येत नाहीत. उपसणारे कमी पडले की पडदा पाणी पिऊन फुगतो आणि धुरकट होतो. दिवसा डोळे उघडे असतात, वरचं पाणी वाळत जातं, उरतं ते जास्त खारट. खाराकडे पडद्यातलं पाणी ओढलं जातं आणि सूज उतरते. रात्री पापण्या मिटलेल्या, मग वाळणार कुठून?

"काकडी चिरून मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच," असं म्हणून बाईंनी मिठाचे थेंब लिहून दिले. पण यानं वेळ मारून नेता येईल इतकंच. पुढेमागे तो थर बदलावा लागेल, कुणा गेलेल्या माणसाच्या डोळ्यातला घेऊन, हेही सांगितलं. काका मान हलवून उठले. घरी ऑपरेशनचं नाव निघालं की ते विषय बदलत. न्हाव्याला दिसत नाही हे एकदा फुटलं की गळा पुढे कोण करणार, हीच त्यांची धास्ती.

सकाळची गिऱ्हाइकं त्यांनी मुलीकडे वळवली. कधी खांदा धरला म्हणत, कधी कात्र्यांना धार लावत बसत. सगळ्यांनी चालवून घेतलं, एका बेकरीवाल्याशिवाय.

समोरचा बेकरीवाला त्यांचा जुना दोस्त. रात्रभर भट्टीपुढे राबून तो पिठानं माखलेला येई, दाराजवळच्या खुर्चीत अंग टाकी आणि दाढी होईतो चक्क घोरत पडे. घरच्या गादीवर अशी झोप लागत नाही, म्हणे. काकांनी त्याला पहिल्यांदा मुलीच्या खुर्चीत बसायला सांगितलं तेव्हा तो हसला. पुढच्या वेळी हसला नाही. दुपारी ये म्हणावं, तर दुपार ही त्याची झोपायची वेळ. शेवटी त्यानं सरळच विचारलं, "माझ्यावर राग आहे का कसला?"

"राग कसला? खांदा दुखतो रे."

पण एका दुपारी मैद्याची गाडी आली म्हणून झोप मोडून खाली उतरलेल्या बेकरीवाल्यानं काकांना शाळामास्तरांची दाढी करताना पाहिलं. त्यानंतर तो आला नाही. रस्त्यापलीकडून हात तेवढा करी, पुढे तोही थांबला. काकांनी सांगू सांगू म्हणत दिवस ढकलले. आणि एका पहाटे बेकरीवाला भट्टीसमोर कोसळला तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको दुकानात आली. दुपारच्या आत त्याला न्यायचं होतं. दाढी फार वाढलीय, असं नको जायला त्यांनी, तुमच्याच हातून होऊ दे, म्हणाली.

काकांनी थेंबांवर थेंब घातले. डोळे चुरचुरले, धुकं हटलं नाही. मुलीला घेऊन मित्राच्या उशाशी उभे राहिले तेव्हा पांढऱ्या चादरीवर त्यांना एक करडा डाग तेवढा दिसत होता. वस्तरा पुढे गेला आणि थांबला.

"वहिनी, मला दिसत नाहीये," ते म्हणाले. "सकाळी दिसतच नाही. कितीतरी महिने झाले. म्हणून त्याला टाळत होतो."

वहिनींनी नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाल्या, "ते मला रोज विचारायचे, माझं काय चुकलं म्हणून."

काकांनी वस्तरा मुलीच्या हातात दिला आणि एकेक सांगत गेले. डाव्या गालाचे केस उलटे आहेत, वरून खाली ये. हनुवटीखाली भाजल्याची खूण आहे, तिथं कातडी पातळ. ओठावर हात सैल ठेव, त्याला गुदगुल्या होतात. मुलगी सांगितल्याप्रमाणे वस्तरा फिरवत गेली. शेवटी वहिनींनी नवऱ्याच्या गालावरून हात फिरवला आणि नुसती मान हलवली.

दुकानात परतल्यावर काकांनी मुलीला सांगितलं, नाव नोंदवून टाक.

थर मिळायला वेळ लागला. आधी उजवा डोळा झाला. नवा थर जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता, त्यानं तो दाबून धरावा म्हणून काकांना उताणं पडून राहायचं होतं. हा डोळा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. नाव सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. छताकडे तोंड करून पडल्या पडल्या काकांच्या मनात आलं, कुठल्यातरी घरात त्या माणसाच्या उशाशी उभं राहून कुणीतरी हो म्हटलं असणार. कुणाच्या तोंडून निघाला असेल तो होकार?

बुडबुडा विरला. नव्या पेशी कामाला लागल्या आणि पाणी उपसलं जाऊन पडदा हळूहळू निवळला. काका वहिनींकडे जाऊन आले. त्या बोलल्या, पण पूर्वीसारख्या नाही. काकांनी ते ओळखलं आणि तरीही जात राहिले.

काही महिन्यांनी सकाळी सकाळी पोस्टमन दाराजवळच्या खुर्चीपाशी घुटमळला. बातमी तोवर गल्लीभर झालीच होती.

"आता दिसतं का, काका?"

"उजव्यानं चांगलं दिसतं. डाव्याचं व्हायचंय अजून. चालत असेल तर बसा."

पोस्टमननं आतल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि तो टोपी काढून बसला. काकांनी साबणाचा फेस करायला घेतला.