ओनोराची चूल

लग्न होऊन दोन महिने झाले, तरी चुलीचा चिमटा सासूच्याच हातात होता. काल संध्याकाळी नापला म्हातारीने तो ओनोरापुढे धरला. "घे गं, आता चूल तुझी," म्हणाली आणि अंथरूण उचलून पश्चिमेकडच्या खोलीत कायमची राहायला गेली.

सकाळी ओनोराने राख उकरली, तर खाली नुसती राखच. तिच्या नवऱ्याच्या, कोलमनच्या आजोबांपासून ही चूल विझली नव्हती, असं सगळा गाव सांगे. कोलमन पहाटेच होडी घेऊन गेला होता. समुद्रावरून आलेलं धुकं दाराच्या बंद खालच्या अर्ध्या फळीवरून आत उतरत होतं, आणि गार चुलीपुढे ते घर तिला पाण्याखाली बुडाल्यासारखं वाटलं.

लोखंडी भांडं घेऊन ती शेजारच्या केटकडे निघाली. दगडी बांध, एखादी गाय, काटेरी झुडपावरची पांढरी फुलं, सगळं जवळ येई आणि विरून जाई. आपण चालतोय की नुसतंच तरंगतोय, तिला कळेना.

"काकू, दोन निखारे देता?"

केटने दार उघडलं नाही. "आज मे महिन्याचा पहिला दिवस, पोरी. आज विस्तव बाहेर दिला, की वर्षभराचं लोणी त्याच्यामागे जातं. उद्या ये, भांडंभर देते."

"आणि आज आईंना चहा?"

"ते मला नको विचारूस."

ती परतली तेव्हा नापला चुलीपुढे तिवईवर बसली होती.

"आई, माझ्या हातून विझली."

"दिसतंय." म्हातारीने शालीतून काडेपेटी काढली. "पहिल्या वर्षी माझ्या हातून तीनदा विझली. सासऱ्यांच्या खिशातून काड्या चोरायचे."

"मग ही आजोबांपासूनची आग?"

"आग कसली जुनी. जुनी मी. पेटव लवकर, घसा सुकलाय माझा."

दलदलीतून कापून जळणासाठी वाळवलेल्या मातीच्या विटा ओनोराने चुलीत उभ्या रचल्या. काडी ओढली. गोडसर धूर वर चढला.

घटकाभरात धूर पाहून केट अर्ध्या दारावरून आत वाकली. "विस्तव कुणी दिला?"

"विझलीच कुठे होती?" नापला म्हणाली. "हिला अजून राख नीट उकरता येत नाही, इतकंच."

ओनोराने मान खाली घातली आणि हसू लपवलं. पाठीमागे दोघी भांडत राहिल्या. त्यांचे आवाज हळूहळू लांब गेले, तिच्या गालांना ऊब लागत गेली.