भिंतीपलीकडचा घुमारा

नागोराव राहायला आला त्याच आठवड्यात त्यानं चंद्रकांताला विचारलं, "मावशी, पायलीभर जाडं मीठ कुठं मिळेल? आणि लाकडी कोळसा?"

एकट्या माणसाला पायलीभर मीठ कशाला लागतं, हे तिला कळेना. तरी तिनं दुकान दाखवलं. रविवारी त्यानं परसात, शेवग्याच्या बुंध्याजवळ, कमरेएवढा खड्डा खणला. तळाशी तांब्याचा चौकोनी पत्रा उभा केला, त्याला जाड तार जोडली, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा असे थर दिले, घागरभर पाणी ओतलं आणि खड्डा बुजवला. चंद्रकांता स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होती. तांबं, मीठ, कोळसा. करणीचंच सामान. तिच्या सासूला कुणीतरी उंबऱ्याखाली असंच काहीबाही पुरलेलं सापडलं होतं म्हणे, आणि त्यानंतर घरातली दुभती म्हैस गेली होती.

"काय पुरलंत हे?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

"अर्थिंग आहे, मावशी. विजेसाठी."

"वीज तर खांबावरनं येते. जमिनीत काय काम तिचं?"

नागोराव हसला. "बिघडली तर तिला जमिनीत जायला वाट लागते," एवढंच बोलला आणि हात धुवायला गेला.

ते हसणं तिच्या मनात राहिलं.

चंद्रकांताचं घर बोईसर स्टेशनाकडून सालवडला जाणाऱ्या वाटेवर. नवरा वारल्यावर तिनं भाताचं खाचर वाट्यानं लावलं आणि मागच्या दोन खोल्यांना वेगळं दार काढलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून कुठकुठची माणसं खोली शोधत फिरत होती. नागोराव परभणीकडचा, बांधकामावर वायरमन. वयानं तिशीचा, लग्न व्हायचं होतं. बोलणं मोजकं. एका ट्रंकेत कपडे आणि चार खोक्यांत यंत्रं, असा त्याचा संसार.

त्या यंत्रांतलं एक तबकडी वाजवायचं, दुसरं आवाज वाढवायचं, आणि तिसरा मोठा लाकडी पेटारा, ज्यातून आवाज बाहेर पडायचा. आवाज वाढवायचं यंत्र त्यानं स्वतः जुळवलं होतं. वर काचेचे व्हॉल्व्ह, पेटले की निखाऱ्यासारखे दिसायचे. संध्याकाळी कामावरून आला की तो दार लोटून घ्यायचा, आणि मग भिंतीतून यायचा तो घुमारा. घूंऽऽऽ. ना चढ, ना उतार. गाणंही असायचं, पण दूर कुठंतरी, मधमाश्यांच्या पोळ्यामागून कुणी गात असल्यासारखं. बऱ्याचदा तर गाणं नसायचंच, नुसतीच घूं. भिंतीला हात लावला की तळव्याला कळायची. ती भाकऱ्या थापता थापता थांबायची. गाणं ऐकायचं यंत्र, तर गाण्याशिवाय तासन्‌तास चालू कशाला ठेवतो हा?

दर रविवारी तो मिठाचं पाणी कालवून शेवग्याच्या बुंध्याशी ओतायचा. चंद्रकांतानं गुपचूप त्यावर तुळशीतली माती टाकली. घूं काही थांबली नाही.

एके दिवशी नागोरावच तिच्या दारात उभा राहिला. चेहरा ताणलेला. "मावशी, राग मानू नका. तुम्ही माझ्या लायनीवर काही लावलंय का? शेगडी, इस्तरी?"

"म्हंजे? मी वीज चोरते?"

"तसं नाही. पण घरघर जात नाही हो. व्हॉल्व्ह बदलून पाहिले, कंडेन्सर बदलले, वायर बदलली, सगळ्या जोडांना नव्यानं डाख दिला. रेकॉर्ड प्लेअर काढून ठेवला की यंत्र गप्प. जोडला की घरघर. नवाकोरा आहे, त्यात बिघाड नाही. म्हणून म्हटलं, बाहेरून काही येत असेल."

"माझ्या घरात दोन दिवे हायेत. मोजून जा," ती म्हणाली आणि दार आपटलं. रात्रभर तिला तेच टोचत होतं. स्वतःच्या मनात पाप असलं की माणूस दुसऱ्याकडं बोट दाखवतो, असं तिला वाटलं.

पासष्टच्या सप्टेंबरात सीमेवर लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, स्टेशनावरचे दिवे झाकले गेले. मुरब्याकडं समुद्रात कुणी बत्ती हलवताना दिसलं, अशी बातमी बाजारात आली. दुसऱ्या दिवशी ती बत्ती तीन बत्त्या झाली. तारापूरचं काम शत्रूच्या डोळ्यावर आहे, हे तर प्रत्येकालाच कळत होतं. चंद्रकांताचा धाकटा भाऊ पंढरी गस्तीच्या तुकडीत होता. हातात काठी, दंडावर फडकं बांधून तो बहिणीकडं चहाला आला, तेव्हा पलीकडं घूं चालू होती.

"बाय, हे काय वाजतंय?"

तिनं सगळं सांगितलं. पत्रा, तार, मीठ, गाण्याशिवाय चालणारं यंत्र. सांगता सांगता तिचं तिलाच कळत गेलं की आता ती करणीबद्दल बोलत नाही.

पंढरीनं कप खाली ठेवला. "जमिनीतनं तार काढलीय? बाय, बिनतारी यंत्राला तशीच तार लागते. तू गप ऱ्हा. त्याला कळू देऊ नको. मी उद्या चौकीवरच्या जमादाराला घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोराव कामावर होता. चंद्रकांता परसात गेली. जमादार येईपर्यंत यानं आणखी काही पाठवलं तर? आपल्या घरातून? तार खिडकीतून निघून भिंतीकडेनं शेवग्यापर्यंत गेली होती. तिनं विळा आणला, तार शेवग्याजवळच्या दगडावर धरली आणि घाव घातले. तांबं चिवट. पाचसहा घावांत तुटलं. दोन्ही टोकं तिनं पाल्याखाली झाकली आणि घरात येऊन कडी लावली.

दिवेलागणीआधीच नागोराव आला. दार लोटल्याचा आवाज. खटका दाबल्याचा आवाज. चंद्रकांतानं भिंतीला कान लावला.

काहीच नाही.

मग एकदम एका बाईचा आवाज आला. इतका जवळ, की ती दचकून मागं सरली. गाणारी ओळीच्या आधी श्वास घेत होती, तोही ऐकू येत होता. तंबोरा वेगळा, तबला वेगळा. पलीकडं नागोराव ओरडला, "अरे वा! अरे, घरघर गेली की!" त्याच्या खुर्चीचा आवाज झाला, मग तो नुसता हसत राहिला, एकटाच.

चंद्रकांताला आनंद झाला नाही. तिला आणखी भीती वाटली. आपण याचं यंत्र मोडायला गेलो आणि ते सुधारलं? पण मग तिच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं. संदेश पाठवणारं यंत्र असतं, तर तार तुटल्यावर मुकं झालं असतं. हे तर गायला लागलं.

तेवढ्यात अंगणात बुटांचा आवाज झाला. पंढरी, जमादार आणि गस्तीतले आणखी दोघं. जमादारानं नागोरावाचं दार ठोठावलं. तो हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर आला आणि काठ्या बघून हसू मावळलं.

"परसात काय पुरलंय?" जमादारानं विचारलं.

"अर्थिंग, साहेब. मी वायरमन आहे."

"वायरमन हायेस म्हणूनच विचारतायत," पंढरी म्हणाला आणि कुदळ घेऊन शेवग्याकडं निघाला. पाला सरला आणि तारेची टोकं दिसली. "बघा! घाईघाईत तोडलीय! आपण येणार हे कळलं याला!"

नागोराव वाकून टोकांकडं बघत राहिला. त्याला खरंच काही कळत नव्हतं, हे चंद्रकांताला स्पष्ट दिसलं. पण जमादाराला ते सोंग वाटत होतं. त्यानं नागोरावाचा दंड धरला. "चल, चौकीवर सांग काय ते."

"तार मी तोडली," चंद्रकांता म्हणाली.

सगळे वळले.

"बाय, तू आत जा," पंढरी म्हणाला.

"नाय जाणार. दुपारी तोडली, विळ्यानं. तो घरात नव्हता. आणि तोडल्यापासनं त्याची ती घूं बंद झाली. जमादार, तुमी आत जाऊन कान लावा. पंढरी, तू ती टोकं जोड, मग सोड. काय व्हतंय ते बघा, मग न्या कुणाला न्यायचं ते."

जमादार थोडा वेळ घुटमळला, मग आत जाऊन पेटाऱ्याजवळ उकिडवा बसला. नागोरावानं तबकडी थांबवली, आवाज चढवला. बाहेर पंढरीनं टोकं टेकवली. घूंऽऽऽ. सोडली. शांत. टेकवली. घूंऽऽऽ. जमादारानं स्वतः बाहेर येऊन टोकं हातात घेतली आणि पंढरीला आत बसवलं. तेच झालं.

नागोराव भिंतीला टेकून खाली बसला. "मूर्ख आहे मी," तो म्हणाला. "साइटवर मोठ्या मोटारींना आम्ही दोन दोन अर्थिंग देतो. एक तुटलं तर दुसरं. तीच सवय. आवाजाच्या यंत्राला घराच्या मीटरचं अर्थिंग होतंच, तबकडीच्या यंत्राला मी हे दुसरं दिलं. दोन्ही यंत्रं मधल्या बारीक वायरीनं जोडलेली. म्हणजे जमिनीतून इकडं, वायरीतून तिकडं, अशी वीज गोल फिरत राहिली. तीच घरघर. एकच अर्थिंग पाहिजे होतं. आणि मी मावशींच्या शेगडीवर संशय घेत बसलो."

जमादारानं त्याचा कामावरचा बिल्ला पाहिला, मुकादमाचं नाव विचारून घेतलं आणि खिडकीचा काळा कागद नीट लाव असं बजावून निघाला. पंढरी जाता जाता बहिणीच्या कानाशी लागला, "यंत्र काय, त्याला शिकवाल तसं बोलतं. मी लक्ष ठेवणार."

अंगण रिकामं झालं. नागोराव तारेचं वेटोळं करत होता. "विचारायचं होतं, मावशी," तो म्हणाला.

"विचारलं व्हतं. तुमी हसलात."

 तिनं त्या दिवशी त्याला जेवायला बोलावलं. तो आला, बोंबलाचं कालवण पोटभर खाल्लं, पण दोघंही ताटाकडं बघत जेवली.

लढाई थांबली, कागद निघाले. तरी बाजारात नागोराव आला की दुकानदार आधी इतरांना माल द्यायचा. गस्त संपली होती, पण पंढरी अजून संध्याकाळी त्या वाटेनं दोन फेऱ्या मारायचा आणि खिडकीशी रेंगाळायचा. चंद्रकांता त्याच्याशी भांडली. म्हणून काही तो थांबला नाही. दिवाळी झाल्यावर नागोरावानं सरावलीला खोली बघितली. "तिथं कामावरचेच लोक आहेत," एवढंच त्यानं कारण दिलं. पेटारा गाडीत चढवताना तिनं दुसऱ्या बाजूनं हात दिला. राहा म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हणायला आपल्याला तोंड नाही असं वाटून तिनं पेटाऱ्याची दोरी आवळली.

थंडीत एकदा ती सुकट घेऊन सरावलीला गेली. नागोरावानं तिला खुर्चीवर बसवलं आणि त्या संध्याकाळचीच तबकडी लावली. चंद्रकांतानं दोन्ही बाजू ऐकल्या, पदर सावरला आणि उठली.

"पुन्हा या," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

"येईन," ती म्हणाली. परतताना पंढरीच्या घरावरून जवळची वाट होती. ती बांधाबांधानं, लांबच्या वाटेनं घरी आली.