‘येऊ नका’ म्हणणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, वेबसाइटची. पानाच्या माथ्यावर काही ओळी असतात. त्या पाहणाऱ्याला दिसत नाहीत, पण सर्च इंजिनला पान कशाचं आहे ते सांगतात. त्यांना मेटा टॅग म्हणतात. त्यातलीच मी एक. आता माझ्या दोन्ही बाजूंना ‘ही ओळ वाचू नका’ अशा खुणा घालून मला मुकं केलं आहे. म्हणून तर बोलायला सवड मिळाली.

माझा जन्म एका बुटांच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकान बूटवाल्या आजोबांचं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वाकडं, अशांसाठी ते हाताने बूट शिवायचे. माप घेताना पाऊल असं मांडीवर घ्यायचे की माणसाला लाज वाटायची नाही. पण गिऱ्हाईक आटलं होतं. सुनेने ठरवलं, बाबांच्या हातात बळ आहे तोवर त्यांचं काम लोकांपर्यंत पोचवायचं. ती शिकून शिकून वेबसाइट बनवू लागली. अर्धं पान कोरं, फोन नंबर चुकलेला. असं अर्धवट काम कुणी पाहू नये म्हणून तिने सगळ्यात आधी मला लिहिलं. सर्च इंजिन आलं की मी सांगायचं, “हे पान यादीत घेऊ नका.” एवढंच माझं काम.

मग माझ्या दोघी बहिणी आल्या. एक वर्णनाची. तिच्यात लिहिलं होतं, ‘तुमच्या पायाला होतील असे बूट, हाताने शिवलेले.’ दुसरी चित्राची. वेबसाइटचा पत्ता कुणाला पाठवला की आजोबांच्या बुटांचा फोटो झळकवणारी. वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी सुनेने तो पत्ता सगळ्या नातेवाइकांना धाडला. मोबाइल नुसता टुणटुणत होता. “वा! काय देखणं दिसतंय!” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, मामेसासरे म्हणाले. बहिणींचं कौतुक ऐकून माझे कान किटले. त्याच दिवशी मला काढायचं होतं. त्या गडबडीत सून विसरली.

आणि मी? मी माझं काम चोख करत राहिले. सर्च इंजिन दारात यायचं, मी हात आडवा धरायची, ते मुकाट्याने परत जायचं. कामात कसूर नाही म्हणून मी तोऱ्यात होते. घरच्यांना कळणार कसं? ते पाठवलेल्या पत्त्यावरूनच आत यायचे. त्यांना सगळं दिसायचं.

आजोबा रोज विचारायचे, “आला का गं कुणाचा फोन?”

“येईल हो बाबा.”

आजी मात्र तोंडाची फटकळ. “तुमच्या त्या यंत्रात नुसतं घरचंच कौतुक. परका माणूस कुठाय?” म्हातारीचं बोलणं टोचायचं, पण खरं होतं.

दोन वर्षं गेली. काम नसलं की हात म्हातारे होतात, मित्रांनो. चामड्याला भोकं पाडायची आजोबांची आरी फडताळात गेली. चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरू लागले.

मग एके दिवशी रस्ता खणला म्हणून बस आमच्या गल्लीतून वळवली. एक आई आपल्या लेकीला घेऊन उतरली. लेक एका पायाने लंगडत होती. आईची नजर दुकानाच्या पाटीवर गेली आणि तिचा बांधच फुटला. “दोन वर्षं शोधतेय हो! मोबाइलवर लिहून लिहून बोटं झिजली. आणि तुम्ही आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे?”

“आमची वेबसाइट आहे की!” सून म्हणाली. तिने त्या बाईंच्याच मोबाइलवर शोधलं. काही नाही. पुन्हा शोधलं. काही नाही. ती आत धावली, तिने पानाचा माथा उघडला आणि मी सापडले.

आजीला सगळं समजावल्यावर ती एवढंच म्हणाली, “दार एवढं सजवलंस, आणि आतून कडी घालून बसलीस होय!” सून रडली.  आजीने जाऊन फडताळातली आरी काढून आणली.

त्या मुलीचे बूट शिवायला तीन आठवडे लागले. आजी चामडं धरून बसायची, आजोबा टाके घालायचे. मुलगी ते बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत सरळ चालत गेली. आजोबांनी हात पुसले आणि म्हणाले, “हा शेवटचा जोड. आता टाका वाकडा जातो.”

मला मुकं केल्यावर महिन्याभरात फोन येऊ लागले. रोज. सून प्रत्येकाला सांगते, “बाबा आता काम घेत नाहीत हो.”  एकदा तिने माझ्या खुणा काढायला घेतल्या. मला पुन्हा बोलकं केलं की कटकट मिटली. आजोबांनी तिचा हात धरला.

“राहू दे पोरी. विचारतात तरी.”

मित्रांनो, दाराला ‘नको’ म्हणायला एकदा शिकवलंत, तर काम झाल्यावर त्याला ‘या’ म्हणायलाही शिकवा. आम्ही आपणहून नाही शिकत. आजोबा हल्ली टेलिफोनजवळच खुर्ची टाकून बसतात. वाजला की सुनेच्या आधी तेच उचलतात.